टेकण कशाचं घ्यावं?

आमच्या आबाजींचं शेत अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या अगदी पायथ्याला होतं. धुऱ्यावर उभं राहिलं की उत्तरेला नरनाळ्याचा डोंगर दिसायचा, आणि रात्री त्याच बाजूनं रानडुकरं उतरायची. तूर शेंगांवर आली की आबाजी जागलीला जायचे. चार खांबांवरची मचाण, वर पऱ्हाटीचा आडोसा, एक घोंगडी, एक कंदील आणि एक भरमार बंदूक. ती बंदूक बहुतेक वेळा नुसता बार काढायच्या कामाची. आवाज झाला की डुकरं पळायची आणि आबाजी परत आडवे व्हायचे.

मला त्या बंदुकीपेक्षा मचाणीच्या कठड्याला सुतळीनं बांधलेलं बाभळीचं बेचकं जास्त आठवतं. त्याच्या दोन फांद्यांमध्ये जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली असायची. एकदा हट्ट करून मी रिकामी बंदूक उचलली, दस्ता खांद्याला लावला, आणि नळीचं तोंड वाऱ्यावरच्या तुराटीसारखं डोलायला लागलं. आबाजी हसले. म्हणाले, "पोट्ट्या, बंदूक धरू नोको. ठेव."

धरणं आणि ठेवणं यातला फरक डोक्यात उतरायला मला पुढची पंचवीस वर्षं आणि एक जड कॅमेरा लागला.

आज मेळघाटात बंदूक टेकवायचा प्रश्नच येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचा खेळ संपला. १९७३-७४ मध्ये देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प ठरले, त्यात मेळघाट होता. याच कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरताही येत नाही. उभं पीक खाणाऱ्या रोही-डुकरांचं प्रकरण निराळं आहे. त्यासाठी कलम ११ खाली वन विभागाकडे परवानगी मागता येते, पण ती लेखी हातात पडेपर्यंत चापाला बोट लावायचं नसतं. आबाजींच्या भरमारीला मात्र कायद्यात तिची अशी जागा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठीच्या, तोंडाकडून भरायच्या बंदुकीचा परवाना वेगळा नमूद केलेला आहे.

रायफल गेली आणि तिच्या जागी लांब भिंगाचे कॅमेरे, दुर्बिणी, स्पॉटिंग स्कोप आले. अमरावती-अकोल्यातली निम्मी तरुण पोरं रविवारी पहाटे गळ्यात काहीतरी अडकवून छत्री तलावावर, वडाळीला, कापशीला नाहीतर काटेपूर्णाच्या धरणावर उभी असतात. त्यांच्या दुखण्याचं नाव जुन्या शिकाऱ्यांच्या दुखण्याचंच आहे: हात हलतो.

तो का हलतो ते एकदा नीट पाहू. आपला स्नायू दोरीसारखा ताणून स्थिर राहत नाही. तो एकसारखा थोडा आवळतो, थोडा सैल सोडतो, आणि या हिशेबातून बारीक थरथर निर्माण होते. वजन जितकं जास्त वेळ पेलाल तितकी ती वाढते. त्यावर श्वासाची वरखाली, त्यावर नाडीचा ठोका. ठोका लहान वाटतो, पण पालथं झोपून, पट्टा दंडाला आवळून नेम धरला, की प्रत्येक ठोक्याला नळीच्या टोकाची माशी उडताना दिसते. आता गणित मांडू. खांदा आणि पुढचा हात यांत ६० सेंटीमीटर अंतर आहे असं समजा. पुढचा हात फक्त १ मिलिमीटर सरकला, तर १०० मीटरवर नेम सोळा-सतरा सेंटीमीटरनी सरकतो. चितळाच्या काळजाची जागा वीतभरच असते. एका मिलिमीटरनं शिकारी चुकायचा आणि जनावर जखमी होऊन झुडपात मरायचं. म्हणून जुन्या काळच्या चांगल्या शिकाऱ्यांत टेकण न घेता लांबचा बार टाकणं हे मर्दुमकीचं नव्हे, बेपर्वाईचं लक्षण समजलं जाई.

हाड मात्र थरथरत नाही. जमीन तर नाहीच नाही. तेव्हा वजन स्नायूवरून काढून हाडावर, हाडावरून जमिनीवर पोचवायचं, एवढाच सगळा खेळ. टेकण विकत घ्या नाहीतर बाभळीचं तोडा, ते हा रस्ता किती आखूड करतं तेवढं बघायचं.

याचा सर्वात स्वच्छ पुरावा नेमबाजीच्या मैदानावर मिळतो. ५० मीटर रायफलच्या 'थ्री पोझिशन' प्रकारात एकच माणूस एकाच रायफलीनं गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून प्रत्येकी २० गोळ्या झाडतो. लक्ष्याच्या मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास जेमतेम १०.४ मिलिमीटर. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्याची पात्रता फेरी बघा: गुडघ्यावर १९८, झोपून १९७, उभं राहून १९५. तिन्हींत कमी उभ्याचे, कारण तिथे हातातल्या वजनाला जमिनीपर्यंत सर्वात लांबचा प्रवास करावा लागतो, शिवाय दंडाला पट्टा आवळायलाही बंदी. झोपून गुडघ्यापेक्षा एक कमी का, असं कोणी विचारेल. एका गुणाचा फरक त्या दिवसाचा. एवढ्या वरच्या पातळीवर माणसानं तिन्ही आसनं इतकी घासलेली असतात की फरक उरतो तो नखाएवढा. तुमच्या-माझ्या हातात तो फरक वीतभर होतो. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिचला विश्वविजेतेपद मिळवलं तेही पालथं झोपून, ६०० पैकी ५९७ गुणांनी.

गुडघ्याच्या आसनात एक बारकावा आहे. कोपराचं टोक गुडघ्याच्या वाटीवर ठेवलं तर हाडावर हाड घसरतं, गोटीवर गोटी ठेवल्यासारखं. म्हणून कोपर थोडं पुढे सरकवून दंडाचा मांसल भाग गुडघ्याला लावतात. आणि मागच्या पायाच्या घोट्याखाली लहानशी गुंडाळी घेतात, म्हणजे बसलेल्या माणसाचं वजनही कुठेतरी 'ठेवलं' जातं. दुर्बीण घेऊन शेताच्या बांधावर बसणाऱ्यानं फक्त एवढं केलं तरी दहा पटीची दुर्बीण आठ पटीच्या दुर्बिणीसारखी शांत वाटू लागते. दुर्बीण पक्ष्याला दहा पट मोठं करते, तसं हाताच्या थरथरीलाही दहा पट करते, हे दुकानदार सहसा सांगत नाही. नुसत्या हातात धरायची असेल तर आठ पटीचीच घ्यावी हे माझं मत.

मेळघाटातल्या शिकारीच्या दिवसांत हा विचार झालेला होताच. परतवाडा ही मुळात एलिचपूरच्या, म्हणजे आपल्या अचलपूरच्या, शेजारी वसलेली हैदराबाद कंटिंजेंटची छावणी. तिथल्या गोऱ्या अंमलदारांना सातपुडा म्हणजे घराच्या मागचं अंगण. मेळघाटाच्या उत्तरेला निमाडात काम केलेला कॅप्टन जेम्स फोर्सिथ मध्य भारताच्या डोंगरांवरच्या त्याच्या १८७१ च्या पुस्तकामुळे आजही वाचला जातो. त्यानं शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवरही स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं, म्हणजे जंगलाइतकाच लोखंडाचाही अभ्यासू. त्या काळच्या मचाणीवरची पद्धत अशी: गारा, म्हणजे आमिषाचं जनावर, बांधायचा, वर झाडात मचाण, आणि रायफल ज्या बाजूनं रोखायची तिथे आडवी फांदी. त्या फांदीवर नळी मात्र टेकवायची नाही. बार उडताना नळी कापते. खाली लाकूड किंवा दगडासारखं कठीण काही असलं तर ती त्यावरून उसळते आणि गोळी ठरल्या जागेपासून सरकते. टेकवायचा तो नळीच्या मागचा, दस्त्याचा पुढचा लाकडी भाग, आणि तोही हाताच्या तळव्यावर किंवा कापडाच्या घडीवर. आबाजींच्या बेचक्याला चिंधी का होती, ते मला इथे उलगडलं.

भरमारीला तर टेकणाची गरज आणखी जास्त. चाप ओढल्यापासून ठिणगी दारूपर्यंत पोचून बार उडेपर्यंत मध्ये एक क्षण जातो. नव्या रायफलीत तो जाणवत नाही, जुन्या बंदुकीत तो चांगला कळतो. त्या क्षणात खांदा दचकला की छर्रे तुरीत. टेकणावर ठेवलेली बंदूक बार उडाल्यानंतरही तशीच राहू द्यायची असते. कॅमेऱ्याचं बटन दाबून लगेच पडद्यावर फोटो बघायला मान वळवणाऱ्यांनाही हे लागू आहे.

आता निवडीकडे येऊ. टेकणाकडून आपण तीन गोष्टी मागतो: हवी तेवढी उंची, कमी वजन आणि पूर्ण शांतता. तिन्ही एकदम देणारं टेकण अजून कोणी बनवलेलं नाही. उंच आणि शांत असेल तर ते जड असतं. हलकं आणि शांत असेल तर बुटकं. उंच आणि हलकं असेल तर ते वाऱ्यावर डोलतं. म्हणून आधी विचारायचं की आपण बसणार कुठे आणि चालणार किती.

परदेशी मासिकांत डोंगरी शिकारीसाठी रायफलीच्या पुढच्या भागाला लागणारा दोन पायांचा बायपॉड फार वाखाणलेला दिसतो. उघड्या, खडकाळ उतारावर पालथं पडणाऱ्याला तो देवासारखा. आपल्याकडे पालथं पडणार कुठे? ऑक्टोबरात मेळघाटातलं गवत छातीला लागतं, झोपल्यावर समोर फक्त गवताच्या काड्या. एप्रिल-मे मध्ये गवत जातं तर सागाची पानं खाली पापडासारखी वाळून पडलेली, कूस बदलली तरी अर्ध्या जंगलाला कळतं. वर गोचिडी आणि बोराटीचे काटे. मी दोनदा केलं हे. दुसऱ्यांदा घरी आल्यावर बायकोनं अंघोळ झाल्याशिवाय पडवीतून आत येऊ दिलं नाही.

पाठीवर वाहून न्यायचं असेल आणि जमिनीवर बसायची तयारी असेल, तर माझी पसंती कैचीला. दोन वेळूच्या काठ्या, बेंबीपर्यंत उंचीच्या, वरून चार-पाच बोटं सोडून सुतळीनं किंवा जुन्या ट्यूबच्या रबरानं बांधायच्या. पाय फाकवले की वर इंग्रजी 'व्ही'सारखी खाच तयार होते. वजन जवळपास काहीच नाही, मोडली तरी हळहळ नाही. उभी हालचाल ती पूर्ण थांबवते, आडवी बरीचशी. पुढे-मागे होणारी हालचाल मात्र थांबवत नाही. तिथे तिसरा पाय तुमचं स्वतःचं अंग असतं, म्हणून पाठ झाडाला लावून बसायचं. तुराट्यांची कैची करायचा मोह होतो, कारण शेतात त्या फुकट पडलेल्या असतात. करू नये. तुराटी वाळली की काचेसारखी मोडते, आणि ती नेमकी रोही समोर आल्यावर मोडते.

एका काठीचं टेकण, म्हणजे मोनोपॉड, वजन पेलायचं काम चोख करतं, पण डावी-उजवीकडची डोलणी त्याच्यानं थांबत नाही. तरीही लांब चालणाऱ्याला तो उपयोगी, कारण चढावर तीच काठी हातात असते. पाय फाकवून उभं राहायचं आणि काठी थोडी पुढे तिरकी टेकवायची, म्हणजे दोन पाय आणि एक काठी मिळून तिपाई होते.

खरा ट्रायपॉड घ्यायचा तर त्याची मधली दांडी वर काढून उंची मिळवायची नाही. तिन्ही पायांनी कमावलेली स्थिरता ती एकटी दांडी घालवते. पाय पूर्ण उघडून डोळ्यापर्यंत पोचत असेल तोच आपल्या मापाचा ट्रायपॉड. कार्बन फायबरचा ॲल्युमिनियमपेक्षा हलका असतो आणि धक्का लवकर जिरवतो. महागही असतो. अकोल्याला मे महिन्यात पारा ४५ पर्यंत चढतो, तेव्हा उन्हात तासभर उभ्या केलेल्या ॲल्युमिनियमला हात लावून बघा म्हणजे त्या जादा पैशांचं कारण पटेल. जड भिंग असेल तर कॅमेऱ्याला नव्हे, भिंगाच्या मध्यावरच्या कड्याला ट्रायपॉडशी जोडायचं, म्हणजे वजन तोलावर राहतं. जुन्या शिकाऱ्याची हाताच्या तळव्याची जागा, तीच ही.

आपल्या काळ्या मातीचा विचार मात्र कुठल्याच कंपनीच्या माहितीपत्रकात नसतो. ओल्या काळ्या रानात ट्रायपॉडचे पाय हळूहळू खाली उतरतात. तुम्ही नेम लावता, आणि पाच मिनिटांनी तळ्यावरचं बदक आपोआप चौकटीच्या वर सरकलेलं असतं. उन्हाळ्यात उलटं. माती तडकते आणि अणकुचीदार पाय थेट भेगेत जातो. मी जुन्या टायरचे तळहाताएवढे तीन तुकडे कापून पिशवीत ठेवले आहेत. वडाळीच्या काठावर एका गृहस्थानं ते कसले म्हणून विचारलं, आणि पुढच्या रविवारी त्यांच्याकडेही होते.

आणि आता पिशवी. शहरात तिला बीनबॅग म्हणतात. जीपमधून जंगल बघणाऱ्याला यासारखं टेकण नाही. दोन किलोच्या आसपास धान्य मावेल अशी जाड कापडाची पिशवी, तीन-चतुर्थांश भरलेली. गच्च भरली की ती दगड होते आणि भिंग तिच्यावरून घरंगळतं. थोडी रिकामी असली की भिंगाच्या आकाराचा खड्डा पडतो आणि भिंग त्यात रुतून बसतं. थर्माकोलचे दाणे भरू नयेत. ते हलके खरे, पण लवचीक असतात, दाबलेलं परत वर ढकलतात. धान्याचे दाणे एकमेकांवर घासून धक्का जिरवतात.

वऱ्हाडी माणसाला इथे निवडीला भरपूर वाव आहे. सरकी मी प्रथम भरली, घरी होती म्हणून. ती मऊ असते, पण दोन फेऱ्यांत दबून गठ्ठा होते. सोयाबीन गुळगुळीत, फार घरंगळतं. तूर चालते. ज्वारी उत्तम: दाणा लहान, गोल पण फार निसरडा नाही, हवा तो आकार घेऊन तसाच बसून राहतो. ज्वारीचे दोन तोटे मी स्वतः भोगले आहेत. मेळघाटातल्या कोलकासला पावसात भिजलेली पिशवी मी तशीच कपाटात टाकली आणि आठवड्यानं कपाटातून कोंब बाहेर आले. दुसऱ्यांदा शिवण उसवली आणि सेमाडोहच्या रस्त्यावर जीपमागे ज्वारीची रांग लागली. व्याघ्र प्रकल्पात पेरणी करत गेलेला मी एकटाच असेन. तेव्हापासून आत जाड प्लास्टिकची पिशवी, तोंड बांधलेलं, आणि बाहेरून दुहेरी शिवण.

जीपमध्ये पिशवी कितीही चांगली असो, इंजिन चालू असेल तर काही उपयोग नाही. चालकाला आधीच सांगून ठेवावं की जनावर दिसलं की गाडी बंद करा. दुसरी अडचण सहप्रवासी. मागच्यानं कूस बदलली की गाडी स्प्रिंगांवर डोलते आणि तुमची ज्वारीही तिच्यासोबत. ओळखीच्यांबरोबर जावं, म्हणजे "दोन मिनिटं हलू नका" म्हणता येतं.

मचाणीवर हीच गोष्ट. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभाग पाणवठ्यांवरच्या मचाणींवर निसर्गप्रेमींना बसू देतो. तिथे ट्रायपॉड नेणारा हमखास फसतो, कारण मचाणीची फळीच सोबत्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर दबते. फोटोचं सोडावं आणि दुर्बीण घ्यावी. चांदण्यात पटीपेक्षा भिंगाची रुंदी कामाची. भिंगाच्या व्यासाला पटीनं भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ७×५० ला ती सात मिलिमीटर, ८×४२ ला पाचच्या थोडी वर, १०×२५ ला अडीच. अंधारात डोळ्याची बाहुली पाच ते सात मिलिमीटरपर्यंत उघडते, तेव्हा अडीचवाली दुर्बीण म्हणजे निदान तीन-चतुर्थांश प्रकाश दारातच अडवणं. ती दुर्बीण टेकवायची कठड्याला नव्हे, मचाण झाडावर असेल तर झाडाच्या खोडाला. फळी हलते तेवढं खोड हलत नाही.

पायी फिरून बघायचं आणि टेकणाची खरी परीक्षा घ्यायची, तर रानपिंगळा. १८७३ मध्ये शास्त्राला माहीत झालेला हा लहान घुबडाच्या जातीचा पक्षी १८८४ नंतर शतकाहून जास्त काळ कोणाला सापडला नव्हता. १९९७ च्या नोव्हेंबरात पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. पुढे मेळघाटात त्याची चांगली वस्ती सापडली. हा दिवसाउजेडी उघड्या सागावर बसतो, शेपूट झटकत. उंची वीतभर, २३ सेंटीमीटर. चाळीस मीटरवरून ६०० मिलिमीटरच्या भिंगानं टिपला, तर मोठ्या सेन्सरवर त्याची प्रतिमा साडेतीन मिलिमीटरची येते, म्हणजे चौकटीच्या उंचीचा सातवा हिस्सा. नेम नुसता एक अंश-मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, हलला तर त्या अंतरावर तो सव्वा सेंटीमीटरच्या आसपास सरकतो. पक्ष्याच्या डोळ्याएवढंच हे अंतर. गंमत अशी की नजर वर, फांदीकडे असल्यानं कैची इथे अपुरी पडते. झाडाला पाठ लावून, गुडघे वर घेऊन, कोपर गुडघ्याच्या पुढे ठेवून काढलेला माझा एक फोटो त्यातल्या त्यात बरा आहे.

टेकण विकत घेताना दुकानात एक करून बघा. आपलं भिंग वर चढवा, समोरच्या रस्त्यापलीकडची एखादी पाटी चौकटीत घ्या, आणि ट्रायपॉडच्या एका पायावर बोटानं टिचकी मारा. पाटी थरथरायची थांबेपर्यंत मनात आकडे मोजा. दोनच्या आत थांबली तर घ्या. पाचपर्यंत गेली तर मधली दांडी वर नाही ना ते पाहा, आणि तरीही थांबत नसेल तर दुसरं दाखवा म्हणा. दुकानदार वैतागतो, वैतागू द्यावं.

आबाजींचं बेचकं अजून घरी आहे. मी एकदा ते कैचीऐवजी वापरून पाहिलं, मांडी घालून बसून. मान सारखी खाली वाकवावी लागली आणि दहा मिनिटांत खांदे भरून आले. माप घेतलं तेव्हा कळलं की आबाजी बसल्यावर माझ्यापेक्षा चार बोटं बुटके होते, आणि त्यांनी ते फांदीपासून नव्हे, स्वतःच्या हनुवटीपासून मोजून तोडलं होतं. माझं मी मागच्या पावसाळ्यात तोडलं, चार बोटं जास्त ठेवून. बाभळीचंच.